बॉड रेटमधला बोदो

प्रोजेक्ट सबमिशनची आदली रात्र आठवा. टेबलावर ब्रेडबोर्ड, त्यावर एक काळी चिप, शेजारी गार झालेला चहा. कोड कंपाइल झालाय, चिपमध्ये गेलाय, एलईडीसुद्धा लुकलुकतोय. आता फक्त स्क्रीनवर ‘हॅलो’ उमटायला हवं. आणि उमटतं काय? चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं आणि जगातल्या कुठल्याच लिपीत नसलेली दोन-चार अक्षरं. तासभर वायरी हलवून होतात. मग हॉस्टेलमधला कुणी सीनियर खांद्यावरून डोकावतो, बॉड रेट बघ एवढंच पुटपुटतो आणि निघून जातो. तुम्ही यादीतून दुसरा आकडा निवडता आणि ‘हॅलो’ लख्ख दिसायला लागतं.

त्या सीनियरने नकळत एका माणसाचं नाव घेतलं, बरं का. वॅट, व्होल्ट, हर्ट्‌झ ही जशी माणसांची नावं, तसंच बॉड हेही. फरक इतकाच की वॅटचा फोटो पाठ्यपुस्तकात असतो, व्होल्टाची गोष्ट शाळेत सांगतात, आणि एमिल बोदोचं मात्र नावसुद्धा आपण अर्धंच घेतो. म्हणून आज त्याची गोष्ट. वाचून झाल्यावर तो ‘हॅलो’ आधी का बिघडला होता, तेही तुम्हाला कळलेलं असेल.

जाँ-मोरिस-एमिल बोदो ११ सप्टेंबर १८४५ रोजी फ्रान्सच्या ओत-मार्न भागात मान्यू नावाच्या खेड्यात जन्मला. वडील शेतकरी. गावच्या प्राथमिक शाळेत जेवढं शिकवत तेवढंच त्याचं शिक्षण. म्हणजे आपल्या भाषेत बारावी नाही, डिप्लोमा नाही, इंजिनीअरिंग तर फारच लांब. शाळा संपली तसा तो वडिलांबरोबर शेतात राबायला लागला. १८६९ साली, चोविशीच्या उंबरठ्यावर, त्याने शेती सोडली आणि सरकारी टपाल-तार खात्यात शिकाऊ ऑपरेटर म्हणून नोकरी धरली. सरकारी नोकरी लागली, आता पोरगा मार्गी लागला असं घरच्यांना वाटलं असेल, तर त्यात काही नवल नाही.

खात्याने त्याला आधी मोर्स शिकवलं. मग ह्यूज नावाच्या छापील तारयंत्राच्या चार महिन्यांच्या कोर्सला धाडलं. हे चार महिने महत्त्वाचे. मोर्समध्ये अक्षरं कमी-जास्त लांबीची असतात. काही एका टिंबात संपतात, काहींना चार-चार खुणा लागतात. माणसाच्या कानाला ते चालतं, पण यंत्राला एक अक्षर कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं हे ओळखणं जड जातं. ह्यूजच्या यंत्राची तऱ्हाच वेगळी. त्याला पियानोसारखा कीबोर्ड होता आणि दोन्ही गावांत अक्षरं कोरलेलं एकेक चाक एकाच वेगाने फिरत असे. इकडून विजेचा फक्त एक झटका जायचा. तो कोणत्या क्षणी पोचला, त्यावरून तिकडे अक्षर छापलं जायचं. म्हणजे तारेतून खरं तर अक्षर जातच नव्हतं, जात होती ती वेळ. दोन्ही चाकं बरोबरीने फिरली तर मजकूर, जरा मागेपुढे झाली तर कचरा. ओळखीचं वाटतंय ना? तुमच्या स्क्रीनवरचे ते चौकोन याच जातीचे.

१८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात थोडी नोकरी करून १८७२ मध्ये बोदो पॅरिसला परतला. एका तारेवरून एकाच वेळी अनेक संदेश नेता येतात का, हे बघायला खात्याने त्याला प्रोत्साहन दिलं. पण ते स्वतःच्या वेळात करायचं होतं! ड्युटी संपल्यावर. ऑफिसमधल्या कल्पक माणसाला असली शाबासकी आजही मिळते, त्यामुळे हे वाचून हसू येतं आणि येतही नाही.

त्याने काय पाहिलं? शेकडो किलोमीटर लांबीची महागडी तार बहुतेक वेळ रिकामी पडून असते. ऑपरेटर एक बटण दाबतो, झटका जातो, पुढचं बटण दाबेपर्यंत तार झोपलेली. मग त्या मधल्या वेळात दुसऱ्याचं अक्षर का पाठवू नये? तिसऱ्याचं, चौथ्याचं? कल्पना एकट्या त्याचीच होती असं नाही. त्याच खात्यातला बर्नार्ड मेयर या वाटेवर आधीच निघाला होता. पण बोदोने त्याला जी जोड दिली, तिने काम फत्ते केलं. प्रत्येक अक्षर सारख्याच लांबीचं करायचं, पाच खुणांचं. प्रत्येक खूण दोनपैकी एका प्रकारची, आज आपण शून्य आणि एक म्हणतो तशी. पाच खुणांच्या ३२ जोडण्या होतात. अक्षरं, आकडे आणि विरामचिन्हं सगळी धरली तर ३२ पुरत नाहीत, म्हणून आता पुढे आकडे समजा आणि आता पुन्हा अक्षरं समजा अशा दोन खास जोडण्या राखून ठेवल्या. तुमच्या कीबोर्डवरचं कॅप्स लॉक आठवलं तर चालेल.

१७ जून १८७४ रोजी त्याने पेटंट घेतलं. यंत्राचा जीव होता एक गोल तबकडी. तिच्यावर तांब्याच्या पट्ट्या बसवलेल्या आणि मध्यभागातून फिरणारा ब्रश. तबकडीचा एकेक भाग एकेका ऑपरेटरच्या नावावर. ब्रश त्याच्या भागावरून सरकला की त्याची पाच बटणं ओळीने, एकामागून एक तारेला जोडली जात. दुसऱ्या गावी तसाच ब्रश तसाच फिरतोय, त्याच क्षणी त्याच पट्टीवर आहे, त्यामुळे पहिल्या ऑपरेटरचं अक्षर पहिल्याच छपाई यंत्राकडे जातं. पाच खुणा एकत्र न जाता एकीमागून एक जातात आणि पलीकडे पुन्हा एकत्र होतात, यालाच तर आपण सीरियल म्हणतो. आणि ब्रश हळूहळू मागेपुढे होऊ नयेत म्हणून वेळ दुरुस्त करण्याचीही सोय त्याने ठेवली.

आता या यंत्रापुढे बसलेल्या माणसाची कल्पना करा. समोर फक्त पाच बटणं. दोन डाव्या हाताला, तीन उजव्या हाताला. अक्षराप्रमाणे हवी ती बटणं एकदम दाबायची. दाबली की ती खालीच अडकून राहायची, ब्रश येऊन ती वाचून जाईपर्यंत. मग ‘टक्’ असा आवाज होऊन सुटायची. तो आवाज म्हणजे मागचं गेलं, पुढचं आण. टक्, दाबा. टक्, दाबा. ऑपरेटरने घाई केली तर उपयोग नाही, आळस केला तर त्याची पाळी रिकामी जाणार. साधारण मिनिटाला तीस शब्द, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन अक्षरं, आणि तीही न चुकता एकाच लयीत, अख्खी ड्युटीभर. यंत्र माणसाच्या वेगाने चालत नव्हतं, माणूस यंत्राच्या तालावर बसवलेला होता. बोदोचं कौतुक करताना मला त्या अनामिक बोटांची आठवण हटकून येते.

तोच ‘टक्’ तुमच्या चिपमध्ये आहे. खरंच आहे. आर्डुइनो ऊनोवरची एटीमेगा ३२८पी ही चिप घेऊ. तयार लायब्ररी बाजूला ठेवायची, ऑपरेटिंग सिस्टिम तर नाहीच, म्हणजे ज्याला बेअर-मेटल म्हणतात तसं काम करायचं. इथे प्रिंटएफ लिहून काही होत नाही, कारण छापायचं कुठे हे चिपला ठाऊकच नाही. तुम्हीच एक अक्षर बाहेर ढकलणारं छोटं फंक्शन लिहायचं. चिपमध्ये यूडीआर-झीरो नावाचा एक खण असतो, म्हणजे रजिस्टर. त्यात अक्षर टाकलं की हार्डवेअर त्याचे बिट एकेक करून पायावर पाठवतं. पण मागचं अक्षर अजून त्या खणातच असताना पुढचं कोंबलंत तर? म्हणून आधी यूडीआरई नावाचा झेंडा बघायचा. तो एक झाला की खण मोकळा. तोवर थांबायचं. म्हणजे अक्षर पाठवायचा अख्खा कोड दोन ओळींचा: टक् होईपर्यंत थांब, मग बटण दाब. अक्षर घेतानाही तेच, फक्त झेंडा वेगळा, आरएक्ससी. तो उभा राहिला की कोणीतरी काहीतरी पाठवलंय, खणातून उचलून घ्या.

पुन्हा पॅरिसला जाऊ. १८७५ मध्ये फ्रेंच तारखात्याने बोदोची पद्धत स्वीकारली. १२ नोव्हेंबर १८७७ ला पॅरिस ते बोर्दो या मार्गावर तिची पहिली प्रत्यक्ष चाचणी झाली आणि वर्षअखेरीस पॅरिस-रोम हा सुमारे १७०० किलोमीटरचा मार्ग तिच्यावर सुरू झाला. १८७८ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं. १८८० मध्ये तो कंट्रोलर झाला, १८८२ मध्ये इन्स्पेक्टर-इंजिनीअर. प्राथमिक शाळेपुढे न शिकलेला शेतकऱ्याचा मुलगा तेरा वर्षांत इंजिनीअर. १८९७ मध्ये लंडन-पॅरिस मार्गासाठी ब्रिटिश टपाल खात्यानेही हीच पद्धत घेतली.

इथवर सगळं छान, मोटिव्हेशनल रीलमध्ये बसेल असं. पुढचं बसत नाही.

लुई व्हिक्टर मिमो नावाच्या दुसऱ्या एका फ्रेंच तारतज्ज्ञाने त्याच १८७४ साली पाच खुणांच्या कल्पनेवर स्वतःच्या यंत्राचं पेटंट घेतलेलं होतं. बोदोचं यंत्र गाजायला लागलं तसा तो १८७७ मध्ये कोर्टात गेला. मूळ शोध आपला, असं त्याचं म्हणणं. पहिल्या कोर्टाने त्याचंच खरं मानलं. बोदोची पेटंटं म्हणजे मिमोच्या कामात केलेल्या सुधारणा, असा निकाल. त्यावर दोघंही नाराज. पुढे तो निकाल फिरला आणि कोर्टाचा खर्च मिमोवरच पडला. माणूस हळूहळू कडवट होत गेला. नुकसानभरपाई, पेटंटची मुदतवाढ, सन्मान अशा त्याच्या मागण्या वाढत गेल्या. त्या तपासणाऱ्या समितीचे प्रमुख होते तारखात्यातल्या संशोधनाचे अधिकारी ज्यूल रेनो. समितीने मागण्या फेटाळल्या आणि मिमोने रेनो यांना गोळी घालून ठार केलं. त्याला सक्तमजुरीची शिक्षा झाली.

कोण खरं, कोण खोटं? माझ्या मते पाच खुणांची कल्पना दोघांपैकी कोणाचीच नव्हती. फ्रान्सिस बेकनने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला दोनच चिन्हांच्या पाच-पाच जागांमध्ये अक्षरं लपवून दाखवली होती. १८३० च्या दशकात गाउस आणि वेबर यांनीही आपल्या तारयंत्रासाठी तसल्याच जोडण्या वापरल्या. बोदोचं मोठेपण दुसरीकडे आहे. पाच खुणा, फिरता ब्रश, वेळेची दुरुस्ती आणि माणसाची बोटं हे सगळं त्याने एका चालत्या यंत्रात बांधलं आणि ते रोजच्या रहदारीला टिकलं. पण मिमोची जळजळही मला परकी वाटत नाही. प्रोजेक्टची मूळ आयडिया आपली आणि शाबासकी भलत्याला, हे ज्याच्या वाट्याला आलंय त्याला ती कळेल. त्यापायी एक तिसराच माणूस जिवानिशी गेला, हे मात्र कोणत्याच हिशेबात बसवता येत नाही.

बोदोच्या स्वतःच्या घरीही फार सुख नव्हतं. नोकरीच्या सुरुवातीपासूनच त्याची तब्येत बिघडायची, एकदा तर तो महिनाभर कामावर येऊ शकला नाही. हे दुखणं जन्मभर पाठीशी राहिलं. जानेवारी १८९० मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी, त्याने मारी लांग्रोन्ये हिच्याशी लग्न केलं. तीन महिनेही पुरे झाले नाहीत. एप्रिलमध्ये ती गेली. २८ मार्च १९०३ रोजी पॅरिसजवळच्या सो गावी, वयाच्या ५७ व्या वर्षी बोदोही गेला.

त्याच्यामागे त्याचं काम बदलत बदलत पुढे सरकलं. डोनाल्ड मरे याने टाइपरायटरसारखा कीबोर्ड जोडला आणि पाच खुणांचा तक्ता नव्याने मांडला, त्यामुळे ऑपरेटरची तालातून सुटका झाली. अमेरिकेत चार्ल्स आणि हॉवर्ड क्रम या बापलेकांनी आणखी एक अडचण सोडवली. दोन्हीकडची यंत्रं सतत, अखंड जुळवून ठेवण्यापेक्षा प्रत्येक अक्षराआधी एक सुरुवातीची खूण पाठवायची. तिथून मोजायला लागायचं. अक्षर संपलं की थांब अशी खूण. पुढच्या अक्षराला पुन्हा नवी सुरुवात. तुमच्या चिपमधला स्टार्ट बिट आणि स्टॉप बिट तो हाच, बोदोचा नव्हे. त्यांच्या कंपनीचं नाव पुढे टेलिटाइप झालं आणि लिनक्सवर बोर्ड लावल्यावर पोर्टच्या नावात जे टीटीवाय दिसतं, ते टेलिटाइपचंच लघुरूप. १९२० च्या दशकात तारयंत्रांच्या आंतरराष्ट्रीय मंडळींनी सेकंदाला जाणाऱ्या खुणा मोजण्याच्या एककाला बोदोचं नाव दिलं.

तर, तुमचा ‘हॅलो’ का बिघडला होता? ९६०० बॉड म्हणजे सेकंदाला ९६०० खुणा, एकेक खूण सुमारे १०४ मायक्रोसेकंदांची. आठ बिटांचं अक्षर, अधिक एक स्टार्ट, एक स्टॉप, म्हणजे दहा खुणा. सेकंदाला ९६० अक्षरं. बोदोच्या ऑपरेटरपेक्षा तीनशे पटींहून जास्त. दोन्हीकडे घड्याळं वेगळी, त्यांना जोडणारी घड्याळाची वायर नाही. स्टार्ट बिटची कड दिसली की घेणारा मनात मोजायला लागतो आणि प्रत्येक बिटाच्या मध्यावर डोकावतो. स्टॉप बिटाच्या मध्यापर्यंत साडेनऊ खुणांचा वेळ जातो. तेवढ्यात अर्ध्या खुणेची चूक साठली की तो शेजारच्या बिटात डोकावणार. हिशेब करा, पाच टक्क्यांच्या आसपास खेळ खलास. म्हणून दोन्हीकडची चूक प्रत्येकी दोन टक्क्यांच्या आत ठेवावी.

चिपला वेग सांगायचा तो यूबीआरआर या रजिस्टरमधून. घड्याळाच्या वेगाला १६ गुणिले बॉडने भागा आणि एक वजा करा. १६ मेगाहर्ट्‌झ आणि ९६०० ला उत्तर येतं १०३.१७. अपूर्णांक चालत नाही, म्हणून १०३. प्रत्यक्ष वेग पडतो ९६१५, चूक ०.१६ टक्के, मजेत चालतं. पण वेगाच्या हौसेने ११५२०० मागितलंत तर उत्तर ७.६८, म्हणजे ८, आणि चूक साडेतीन टक्के. कधी चालेल, कधी नाही, आणि असलं कधीतरी चालणारं सर्किट सबमिशनच्या दिवशी नक्की चालत नाही.

दुसरी गंमत. लॅमिंग्टन रोडवरून किंवा बुधवार पेठेतून नुसती कोरी चिप आणून ब्रेडबोर्डवर लावलीत, तर ती कारखान्यातून १ मेगाहर्ट्‌झवर चालण्यासाठी सेट होऊन आलेली असते. कोडमध्ये मात्र तुम्ही १६ लिहिलेलं. यूबीआरआरमध्ये १०३ गेलं, पण घड्याळ सोळापट हळू, त्यामुळे चिप बोलतेय ६०० बॉडने आणि लॅपटॉप ऐकतोय ९६०० ने. मी स्वतः यात दोन रात्री घालवल्यात, त्यातली एक तर चांगल्याभल्या केबलला शिव्या देण्यात. तुम्ही आधी क्रिस्टल आणि फ्यूज बघा. एकाचा टीएक्स दुसऱ्याच्या आरएक्सला गेलाय ना, तेही बघा. आणि दोन्हीकडचं ग्राउंड जोडा. त्या काळी तारवाले परतीचा रस्ता म्हणून खरोखरच्या जमिनीचा वापर करत. आपल्याला मात्र तेवढी एक वायर लावावीच लागते.

सगळं चाललं की एक उद्योग करून बघा. अक्षराची लांबी ठरवणारे यूसीएसझेड नावाचे तीन बिट या चिपमध्ये आहेत. आठ बिटांची लांबी आधीच ठरलेली असते म्हणून त्यांना सहसा कोणी हात लावत नाही. ते तिन्ही शून्य करा. चिप पाच बिटांवर येते, ती सोय डेटाशीटमध्ये अजून आहे. समोरच्या टर्मिनललाही पाच बिट सांगावे लागतील आणि सगळी टर्मिनल्स ते मानत नाहीत. शिवाय नेहमीच्या अक्षरांचे वरचे तीन बिट गळून पडतील, म्हणजे ३२ घरांचा तक्ता तुम्हालाच बनवावा लागेल. त्यातली दोन घरं अक्षर-आकडे अदलाबदलीसाठी मोकळी ठेवायला विसरू नका.